मोबाईलवरची हुंडी कां परत येते?

शेतकऱ्याच्या देण्याघेण्याच्या रीतींत गेल्या दहा वर्षांत मोठा पालट झाला आहे. बिडकीनच्या पेठेंत कपाशीच्या बियाण्याचें पाकीट, खताची गोणी, ट्रॅक्टरचें भाडें, फवारणीचें औषध, फार काय टपरीवरचा चहा, या सर्वांचे पैसे आतां मोबाईलवरून चुकते होतात. हा व्यवहार सुरळीत चालतो तोंपर्यंत तो कसा चालतो हें कोणी विचारीत नाहीं. परंतु मृगाचा पाऊस पडला आहे, रानास वाफसा आला आहे, दुकानापुढें रांग लागली आहे, आणि अशा वेळीं फोनच्या पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ अशीं अक्षरें उमटलीं, म्हणजे मनुष्य गोंधळतो. गोंधळलेला मनुष्य बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर तो तीच रक्कम तत्काळ दुसऱ्यांदा पाठवितो. किंवा पैसे बुडाले असें समजून दिसेल त्या क्रमांकावर फोन करून मदत मागतो. पहिलीमुळें एकाच मालाचे पैसे दोनदां जातात. दुसरीमुळें कित्येकदां खातेंच रिकामें होतें. व्यवहार फसल्यानें जें नुकसान होतें त्याहून त्यानंतरच्या उतावळेपणाचें नुकसान पुष्कळ मोठें असतें. म्हणून पैसे कोठें व कां अडतात, आणि अडल्यास क्रमाक्रमानें काय करावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

बटवा आणि हुंडी

आपण ज्यास सरसकट ‘मोबाईलचें वॉलेट’ म्हणतों त्यांत वस्तुतः दोन निरनिराळ्या सोयी आहेत. पहिली सोय म्हणजे खरें वॉलेट. हा एक बटवा आहे. त्यांत आधीं पैसे भरावे लागतात. ते वॉलेट चालविणाऱ्या कंपनीपाशीं जमा राहतात, आणि जेवढे भरले तेवढेच खर्च करतां येतात. दुसरी सोय म्हणजे यूपीआय. ही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या संस्थेनें एप्रिल २०१६ मध्यें सुरू केली. हिच्यांत फोनमध्यें एक पैसाही नसतो. ‘माझ्या खात्यांतून अमक्यास अमुक रक्कम द्यावी’ अशी आज्ञा फोनवरून बँकेस जाते, एवढेंच. म्हणजे ही हुंडी झाली. पूर्वी पेढीवर लिहिलेली हुंडी पेढीवाला सकारी किंवा नकारी. आज तेंच काम बँकेचें यंत्र कांहीं सेकंदांत करतें.

एकाच ॲपमध्यें या दोन्ही सोयी शेजारीं शेजारीं असतात, आणि त्यामुळेंच घोटाळा होतो. खात्यांत पुष्कळ पैसे असूनही व्यवहार फसतो, कारण हात चुकून रिकाम्या बटव्यावर पडलेला असतो. आमच्या या भागांत निजामी अमदानींत हाली शिक्का चालत असे, आणि इंग्रजी हद्दींत कलदार रुपया. सुमारें सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता, व हाली नाणें १९५९ पर्यंत व्यवहारांत होतें. त्या काळचा सावध शेतकरी सौद्याच्या आधीं ‘हाली कीं कलदार?’ हें विचारून घेई. आज व्यवहार अडला असतां पहिला प्रश्न ‘बटवा कीं हुंडी?’ हाच असावा. कारण दोहोंचे नियम वेगळे, मर्यादा वेगळ्या, आणि तक्रारीचें ठिकाणही वेगळें आहे. बटव्याची तक्रार कंपनीकडे जाते, हुंडीची ॲपकडे व बँकेकडे.

हुंडीच्या मार्गावरील चार चौक्या

यूपीआयच्या आज्ञेस चार चौक्या ओलांडाव्या लागतात. पहिली चौकी आपला फोन. दुसरी, ॲप व सर्व बँका यांस जोडणारा मधला रस्ता. हा वर सांगितलेल्या कॉर्पोरेशनच्या ताब्यांत आहे. तिसरी, देणाऱ्याची बँक. येथें रक्कम नांवें पडते. चौथी, घेणाऱ्याची बँक. येथें ती जमा होते. जमा झाल्याची वर्दी त्याच वाटेनें परत येते, आणि मग दुकानांतील यंत्र ‘रुपये मिळाले’ असें बोलतें. यंत्र बोललें नाहीं म्हणजे पैसे गेलेच नाहींत असें समजणें जसें चूक, तसेंच पैसे बुडाले असें समजणेंही चूक. यंत्र न बोलण्याचे तीन अर्थ संभवतात.

एक, रक्कम आपल्या खात्यांतून निघालीच नाहीं. यास नकार म्हणावें.
दोन, रक्कम निघाली, परंतु पोचली नाहीं. ही रक्कम अधांतरीं आहे.
तीन, रक्कम पोचली, परंतु वर्दी आली नाहीं.

या तिहींपैकीं काय घडलें हें ॲपच्या एका अक्षरावरून ठरवूं नये. आपलें बँक-खातें पाहावें, शिल्लक कमी झाली कीं नाहीं तें पाहावें, आणि दुकानदारास त्याच्या खात्याची नोंद पाहावयास सांगावें. मात्र शिल्लक पुन्हां पुन्हां विचारीत बसूं नये. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसांतून ५० वेळांच शिल्लक पाहतां येते, आणि अशा अनावश्यक चौकशांनीं मधला रस्ताही तुंबतो. १२ एप्रिल २०२५ रोजीं देशांत ठिकठिकाणीं यूपीआयचे व्यवहार अडले, तेव्हां कांहीं बँकांकडून व्यवहारांची स्थिति विचारणाऱ्या चौकशांचा लोंढा लोटल्यामुळें हें झालें असें पुढें कॉर्पोरेशनच्या तपासांत दिसून आलें. चारीचें पाणी एकाच वेळीं सर्वांनीं फोडलें तर शेवटच्या शेतास थेंबही मिळत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. अशा दिवशीं दोष आपल्या फोनचा नसतो व दुकानदाराचाही नसतो. थोडा वेळ थांबणें किंवा रोख देणें हाच उपाय.

नकाराचीं कारणें

पहिल्या चौकीवरचीं, म्हणजे फोनवरचीं कारणें अगदीं साधीं असतात, आणि साधीं असल्यामुळेंच तीं सुचत नाहींत. यूपीआय चालू करतांना बँकेंत नोंदलेल्या क्रमांकाच्या सिमवरूनच एक संदेश बाहेर जावा लागतो. रिचार्ज संपलेला असल्यास तो जात नाहीं. फोनांत दोन सिमें असल्यास चुकीचें सिम निवडलें जातें. सिम हरवून त्याच क्रमांकाचें नवें घेतलें तर पहिले २४ तास त्यावरची संदेशसेवाच बंद ठेवलेली असते. ही व्यवस्था चोरांस अटकाव व्हावा म्हणून आहे. तेव्हां सिम किंवा फोन बदलावयाचा तर तो बियाणें आणावयाच्या आदल्या दिवशीं बदलूं नये. ॲप प्रथमच जोडल्यावर किंवा नव्या फोनवर घेतल्यावर पहिल्या २४ तासांत बहुधा ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम पाठवितां येते, हेंही ध्यानांत ठेवावें.

देणाऱ्याच्या बँकेच्या चौकीवर पुढील कारणें मुख्य होत.

शिल्लक अपुरी असणें हें सर्वांत सामान्य कारण. परंतु खेड्यांत याचा एक विशेष प्रकार आढळतो. सरकारी अनुदान व किसान सन्मानाचा हप्ता हे आधाराशीं जोडलेल्या खात्यांत जमा होतात, आणि आधार ज्या बँकेंत शेवटीं जोडला तेंच खातें त्यासाठीं धरलें जातें. मोबाईलास मात्र दुसऱ्याच बँकेचें जुनें खातें जोडलेलें असतें. शेतकरी म्हणतो हप्ता आला. फोन म्हणतो शिल्लक नाहीं. आणि दोघेही खरें बोलत असतात. दोन खातीं असल्यास कोणतें आधारास व कोणतें मोबाईलास जोडलें आहे हें पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावें.

पिन लागोपाठ चुकल्यास बँक तो कांहीं काळ बंद करते. बहुतेक बँकांत तीनदां चुकल्यावर असें होतें, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावें लागतें किंवा नवा पिन करावा लागतो. दोनदां चुकल्यावर तिसऱ्यांदा अंदाजानें दाबूं नये.

मर्यादा ओलांडणें हें तिसरें कारण. यूपीआयवर साधारणपणें दिवसाला १,००,००० रुपयांपर्यंत रक्कम पाठवितां येते, व कांहीं बँका याहून कमी मर्यादा ठेवतात. कापूस किंवा मोसंबीचा मोठा सौदा असेल तर व्यापाऱ्यास यूपीआयचे तुकडे करावयास न लावतां एनईएफटीनें रक्कम मागावी. ही सोय १६ डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस व सुट्टीच्या दिवशींही चालू असते.

खातें झोपलेलें असणें हें चौथें. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदारानें स्वतः कांहींच व्यवहार केला नाहीं तर बँक तें खातें निष्क्रिय ठरवते. ओळखीचीं कागदपत्रें मुदतींत पुन्हां दिलीं नाहींत तरीही खात्यावर निर्बंध येतात. यास फोनवर सहसा उपाय नसतो. आधार व पॅन घेऊन शाखेंत जावें.

कांहीं ॲपें नकाराबरोबर एक संकेत दाखवितात. तो कागदावर उतरून घ्यावा, कारण बँकेंतला मनुष्य तोच प्रथम विचारतो. नेहमीचे संकेत असे: झेड-९ म्हणजे शिल्लक अपुरी, झेड-एम म्हणजे पिन चुकला, झेड-६ म्हणजे पिन चुकण्याची मर्यादा संपली, झेड-८ म्हणजे एका वेळच्या रकमेची मर्यादा ओलांडली, झेड-७ म्हणजे व्यवहारांची संख्या अधिक झाली, यू-१६ म्हणजे जोखमीच्या नियमामुळें व्यवहार अडविला, आणि यू-३० म्हणजे देणाऱ्याच्या बँकेस रक्कम नांवें टाकतां आली नाहीं.

घेणाऱ्याच्या चौकीवरचीं कारणें आपल्या हातीं नसतात, तरी तीं ओळखतां आलीं पाहिजेत. बँका एकमेकींत विलीन झाल्या म्हणजे शाखेचा आयएफएससी संकेत बदलतो, आणि जुना संकेत लिहून ठेवणाऱ्याची रक्कम कालांतरानें परत येऊं लागते. मराठवाड्यास हा अनुभव नवा नाहीं. १९४१ सालीं स्थापन झालेली हैदराबाद संस्थानची बँक, जी पुढें स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नांवानें गांवोगांवीं ओळखीची झाली, ती १ एप्रिल २०१७ रोजीं भारतीय स्टेट बँकेंत विलीन झाली. महाराष्ट्र ग्रामीण बँक व विदर्भ कोंकण ग्रामीण बँक यांचेंही १ मे २०२५ पासून एकत्रीकरण झालें. ज्यांनीं व्यापाऱ्यास, साखर कारखान्यास किंवा दूध संकलनास वर्षांपूर्वीं खाते-क्रमांक व आयएफएससी दिला असेल, त्यांनीं तो नव्या पासबुकाशीं ताडून पाहावा.

मोबाईल-क्रमांकावर पैसे पाठवितांना आणखी एक सावधगिरी हवी. बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊं शकतो. जुन्या वहींतल्या क्रमांकावर सालगड्याची मजुरी पाठविली आणि ती परक्यास पोचली, तर तो व्यवहार ‘फसलेला’ गणला जात नाहीं. यंत्राच्या दृष्टीनें तो यशस्वीच असतो, आणि त्या परक्याच्या संमतीवांचून बँक रक्कम परत आणूं शकत नाहीं. म्हणून पिन दाबण्यापूर्वीं पडद्यावर घेणाऱ्याचें बँकेंतलें नांव दिसतें तें वाचावें. नांव पटलें नाहीं तर हात आवरावा.

बटव्याचे वेगळे नियम

वॉलेटच्या बाबतींत नकाराचें मुख्य कारण ओळखपडताळणी अपुरी असणें हें होय. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें थोडक्या माहितीवर उघडलेल्या वॉलेटांत १०,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवतां येत नाहीं, महिन्यांत १०,००० रुपयांहून अधिक भरतां येत नाहींत, आणि त्यांतून दुसऱ्या मनुष्यास पैसे पाठवितां येत नाहींत. केवळ मालाची खरेदी करतां येते. पूर्ण पडताळणी झालेल्या वॉलेटांत २,००,००० रुपयांपर्यंत शिल्लक चालते व पैसे पाठविण्याचीही मुभा असते. भावास पैसे जात नाहींत पण दुकानदारास जातात, अशी तक्रार कोणी सांगितली तर त्याची पडताळणी अर्धवट आहे असें समजावें.

बटवा चालविणारी संस्थाच अडचणींत आली म्हणजे काय होतें, याचें उदाहरणही अलीकडचें आहे. रिझर्व्ह बँकेनें ३१ जानेवारी २०२४ रोजीं पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, आणि १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या खात्यांत व वॉलेटांत नवी रक्कम भरणें बंद झालें. असलेली शिल्लक वापरण्यास किंवा काढून घेण्यास मनाई नव्हती. तरीही ज्यांचा सारा व्यवहार त्या एकाच बटव्यावर चालत होता त्यांची धांवपळ झाली. एकाच विहिरीवर सर्व रान भिजवूं नये, हा धडा शेतकऱ्यास नव्यानें शिकवावयास नको.

रक्कम अधांतरीं राहिल्यास

खात्यांतून रक्कम गेली आणि घेणाऱ्यास पोचली नाहीं, अशा वेळीं घाबरण्याचें कारण नाहीं. याबाबत रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ रोजीं मुदती ठरवून दिल्या, व त्या १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलांत आल्या. यूपीआयनें एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे पाठविलेली रक्कम पोचली नाहीं, तर ती व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदारास दिलेल्या रकमेची वर्दी त्यास पोचली नाहीं, तर ती पांच दिवसांत परत आली पाहिजे. एकाच कंपनीच्या दोन वॉलेटांमधील व्यवहारास दुसऱ्या दिवसाची मुदत आहे. मुदत टळल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई ग्राहकास द्यावयाची असते, आणि ती त्यानें मागण्याची वाट न पाहतां द्यावयाची असते.

उदाहरणार्थ, १० जून रोजीं खताच्या दुकानांत ४,००० रुपये दिले, खात्यांतून ते गेले, परंतु दुकानदाराच्या खात्यांत उमटले नाहींत. हे दिवस पंचांगाचे मोजावयाचे; सुट्टीचा दिवस वगळावयाचा नाहीं. म्हणजे १५ जूनपर्यंत रक्कम परत आली पाहिजे. ती १८ जूनला परत आली तर तीन दिवसांचे ३०० रुपये अधिक मिळावयास हवेत. हेच ४,००० रुपये ट्रॅक्टरवाल्यास त्याच्या वैयक्तिक खात्यावर पाठविले असते, तर मुदत ११ जूनलाच संपली असती.

आतां प्रश्न राहिला दुकानांतल्या त्या घटकेचा. माल हवा आहे, पैसे अडकले आहेत, आणि दुकानदारही खोटा नाहीं. अशा वेळीं आम्ही पुढील रीत सुचवितों. व्यवहाराच्या तपशिलांत १२ अंकी संदर्भ-क्रमांक असतो. तो दुकानदाराच्या बिलावर लिहावा, खालीं तारीख, वेळ व रक्कम मांडावी, आणि दोघांनीं सह्या कराव्या. त्याच्या खात्यांत रक्कम जमा झाली तर माल द्यावा. आपल्याकडे परत आली तर आपण पुन्हां द्यावी. माल ताबडतोब हवा असल्यास रोख द्यावे, व पहिली रक्कम पुढें जमा झाल्यास ती उधारीच्या खात्यांत वळती करण्याचें बिलावरच लिहून घ्यावें. तोंडच्या कबुलीवर विसंबूं नये. हंगामाच्या गर्दींत कोणाचें काय ठरलें हें आठ दिवसांनीं कोणासच आठवत नाहीं.

विकणाऱ्या शेतकऱ्यानें याच्या उलट दक्षता घ्यावी. गिऱ्हाईक आपल्या फोनवरचें ‘यशस्वी’ असें चित्र दाखवितें. परंतु असें चित्र बनावट करणें मुळींच अवघड नाहीं. बोकड विकला, कडबा विकला किंवा मोसंबीचे कॅरेट भरून दिले, तरी आपल्या स्वतःच्या खात्यांत रक्कम दिसेपर्यंत माल हलवूं देऊं नये.

तक्रार कोणाकडे करावी

मुदत टळल्यास प्रथम त्या व्यवहाराच्या नोंदीवरूनच ॲपमध्यें तक्रार नोंदवावी. तेथें तशी सोय असते. दुसरी पायरी आपली बँक. शाखेंत लेखी अर्ज द्यावा व त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जांत तारीख, वेळ, रक्कम, १२ अंकी संदर्भ-क्रमांक, घेणाऱ्याचें नांव व यूपीआय पत्ता, आणि ॲपवरील तक्रारीचा क्रमांक इतकें असावें. पिन मात्र कोठेंही लिहूं नये. ३० दिवसांत उत्तर आलें नाहीं किंवा आलेलें पटलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. त्याची एकात्मिक योजना १२ नोव्हेंबर २०२१ पासून सुरू झाली. तक्रारीस शुल्क नाहीं व वकिलाची गरज नाहीं. याविषयीं १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते.

लांडग्यांचा काळ

व्यवहार फसल्यावरची पहिली घटका हीच लुटारूंची संधि असते. गांगरलेला मनुष्य इंटरनेटवर ‘मदत क्रमांक’ शोधतो, आणि तेथें ठकांनीं पेरून ठेवलेला क्रमांक त्याच्या हातीं लागतो. पलीकडचा मनुष्य गोड बोलतो, ‘पैसे परत पाठवितों, पिन दाबा’ असें सांगतो, किंवा फोनचा पडदा त्यास दिसेल असें एखादें ॲप उतरवून घ्यावयास लावतो. येथें एकच नियम घरांतील सर्वांस, विशेषतः वडीलधाऱ्यांस व शाळकरी मुलांस, पढवून ठेवावा: पिन हा पैसे देण्यासाठीं असतो, पैसे घेण्यासाठीं तो कधींच लागत नाहीं. मदतीचा क्रमांक पासबुकावरून, डेबिट कार्डाच्या पाठीवरून किंवा ॲपच्या आंतूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें व बँकेसही सांगावें. या कामीं प्रत्येक मिनिट मोलाचें आहे, कारण रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असते व वेळेवर कळल्यासच ती मध्यें अडवितां येते.

बिडकीन परिसरास ही सूचना अधिकच लागू आहे. येथील औद्योगिक क्षेत्र ७,८५५ एकरांचें असून २९ सप्टेंबर २०२४ रोजीं तें राष्ट्रास अर्पण झालें. त्यासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरीं मोबदल्याच्या मोठ्या रकमा आल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीचा जो पैसा झाला, तो ज्या खात्यांत आहे तें खातें मोबाईलास जोडलेलें नसावें असें आमचें स्पष्ट मत आहे. रोजच्या खर्चाचें खातें निराळें असावें, त्यांत हंगामापुरतीच रक्कम असावी, आणि तेवढेंच मोबाईलास जोडावें. मग चूक झाली तरी ती पंधरवड्याच्या खर्चाची होईल, सबंध शेताची होणार नाहीं.

हंगामापूर्वींची तयारी

तिफण आपण पेरणीच्या आधीं तपासून ठेवतों. तसाच मोबाईलचा व्यवहारही तपासावा. मे महिन्याच्या अखेरीस घरच्याच दुसऱ्या खात्यावर एक रुपया पाठवून पाहावा. रिचार्जची मुदत, पिन, जोडलेलें खातें व त्याची शिल्लक पाहून घ्यावी. दोन बँकांचीं खातीं असल्यास दोन्हीं चालू ठेवावीं, म्हणजे एका बँकेचें यंत्र बंद असतां दुसरीवर काम भागतें.

किरकोळ खरेदीसाठीं यूपीआय लाइट उपयोगी आहे. तींत ५,००० रुपयांपर्यंत रक्कम आधीं काढून ठेवतां येते व एका वेळीं १,००० रुपयांपर्यंत पिन न दाबतां देतां येते. प्रत्येक वेळीं बँकेच्या मुख्य यंत्राकडे जावें लागत नसल्यामुळें गर्दीच्या वेळीं हे लहान व्यवहार कमी फसतात. फोन हरवल्यास ती रक्कम धोक्यांत येते, म्हणून तींत गरजेपुरतेंच ठेवावें. ज्या शिवारांत इंटरनेट पोचत नाहीं तेथें बँकेंत नोंदलेल्या सिमवरून *९९# दाबून ५,००० रुपयांपर्यंत व्यवहार करतां येतो. साध्या फोनवाल्यांसाठीं यूपीआय १२३पे ही सोय ८ मार्च २०२२ पासून आहे. आणि एवढें सगळें असूनही पेरणीच्या दिवसांत दोन दिवसांच्या मजुरीइतकी रोख रक्कम घरीं असावी. वीज जाते, टॉवर बंद पडतो. मजुरास मात्र संध्याकाळीं पैसे हवेच असतात.

शेवटीं एक लहानशी वही ठेवण्याची आमची शिफारस आहे. तारीख, कोणास, किती, कशासाठीं आणि संदर्भ-क्रमांक, असे पांच रकाने पुरेत. आठवड्यांतून एकदां ती वही खात्याच्या नोंदींशीं ताडून पाहावी. सावकाराच्या वहींत काय लिहिलें आहे हें वाचतां न आल्यामुळें आपल्या आजापणजांनीं पुष्कळ सोसलें. आज खतावणी आपल्याच खिशांत आहे व ती आपल्याच भाषेंत वाचतां येते. ती वाचण्याचा आळस केला तर दोष यंत्रास देतां येणार नाहीं. वाचकांपैकीं ज्यांचे व्यवहार याहून वेगळ्या कारणानें अडले असतील त्यांनीं तीं कारणें आम्हांस लिहून कळवावीं; सर्वांच्या उपयोगी पडतील तीं पुढील अंकीं देऊं.